जॉर्जियात कुणाच्या घरी राहिलंय का? आमचा कखेतीतला अनुभव

शेवंती
२१ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात आम्ही दोघं जॉर्जियाला जाऊन आलो. इथे जॉर्जियावर आधीचे धागे आहेत पण ते बहुतेक राजधानी त्बिलिसी, काझबेगी, केबल कार आणि कुठे काय पाहायचं असेच आहेत, म्हणून हा वेगळा काढतेय. इथे फक्त घरात राहण्याबद्दल बोलूया.

आम्ही ठरवूनच बाकीची ठिकाणं गाळली आणि एकाच गावात एकाच घरात मुक्काम टाकला. गाव कखेती भागातलं, तेलावीपासून जवळ, अलाझानी नदीच्या खोऱ्यात, अंगणातून समोर कॉकेशसची अख्खी रांग दिसते. गावाचं आणि त्या लोकांचं नाव लिहीत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही. घरात आजी (सगळे बेबिया म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो), मुलगा, सून आणि कॉलेजला जाणारी नात. वरच्या मजल्यावरच्या खोल्या पाहुण्यांना देतात, खाली स्वतः राहतात.

सप्टेंबरच का, तर माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाच्या बागेतच वाढलेय मी, आणि कखेतीत सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत द्राक्षतोडणी असते, त्याला ते र्त्वेली म्हणतात. लग्न असल्यासारखं सगळं गाव त्यात असतं. त्बिलिसीत नोकरीला गेलेली पोरं सुट्टी काढून येतात, शेजारचे आज तुमच्याकडे उद्या आमच्याकडे असं करत एकमेकांची बाग तोडून देतात.

पहिल्या दिवशी आम्हाला हात लावू देईनात. तुम्ही पाहुणे, बसा. मी नातीला म्हटलं, सांग तुझ्या बाबांना, मला कात्री धरता येते. मग त्यांनी एक ओळ दिली आणि बाजूला उभे राहून बघत बसले. मी आमच्याकडची सवय म्हणून घड देठाला धरून, मण्यावरची लव पुसू न देता, हळूच बादलीत ठेवत होते. ते बघून हसले आणि करून दाखवलं, काप आणि टाक. खायचा माल नाहीच तो, सरळ रस काढायचा. आपल्याकडे एक्स्पोर्टच्या मालाला किती जपतात, इथे सापेरावीचे काळे घड धडाधड बादलीत पडत होते. या जातीचा गरसुद्धा लाल असतो, संध्याकाळपर्यंत हात मनगटापर्यंत जांभळे झाले, साबणाने जाईनात. दुपारी मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. घरमालकाला आधी पटेचना. त्यांचा वेल हिवाळाभर झोपतो, आपला झोपतच नाही. नातीने फोनवरून आमच्या बागेच्या मांडवाचे फोटो दाखवले तेव्हा तो उठून शेजाऱ्यालाच घेऊन आला. त्यानंतर आम्ही पाहुणे राहिलो नाही, द्राक्षवाले झालो.

वाइन करायची जागा म्हणजे मरानी. घराला लागून एक थंड खोली, वरवर बघितलं तर रिकामीच वाटते, जमिनीत फक्त गोल तोंडं दिसतात. खाली मातीचे मोठाले रांजण पुरलेले असतात, त्यांना क्वेव्री म्हणतात, माणूस आत उतरू शकेल एवढेही असतात. आतून मेणाचा हात दिलेला असतो. रस, साल, बिया, देठ सगळं त्यात घालायचं, ते आपलं आपण आंबतं, वर सालींचा थर तरंगतो तो दिवसातून अनेकदा लाकडी दांड्याने खाली ढकलायचा. मग झाकण लावून मातीने लिंपून वसंतापर्यंत सोडून द्यायचं. २०१३ साली ही पद्धत युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलीय, आणि तिथल्या उत्खननात सापडलेल्या भांड्यांवरून साधारण ८००० वर्षांपूर्वीपर्यंतचा पुरावा मिळालाय. हे सगळं वाचून गेले होते. पण बेबियाने मला रिकामी क्वेव्री घासायचा ब्रश हातात दिला, लांब काठीला चेरीच्या झाडाची साल बांधलेली, आणि आत वाकून घासताना तो थंडगार आंबूस वास आला, तेव्हा कळलं की या घरात हे काम कुणी शिकवत नाही, मूल मोठं होता होता शिकतं.

जेवणाबद्दल आणि टोस्टबद्दल खूप आहे, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते. तोवर तुमचे अनुभव सांगा, जॉर्जियाचेच पाहिजेत असं नाही पण कुणाच्या घरी राहिलेले पाहिजेत.

पळसपान
२१ ऑक्टोबर, रात्री १०:२५

फार सुंदर लिहिलंय ताई, वाचतोय. आम्ही पुढच्या वर्षी जायचा विचार करतोय पण दोन अडचणी आहेत, घरी पूर्ण शाकाहारी आणि मी दारूला हात लावत नाही. जॉर्जिया म्हटलं की सगळे वाइन आणि मटण एवढंच सांगतात. कुणाच्या घरी राहायचं आणि त्यांचं काहीच खायचं नाही प्यायचं नाही, म्हणजे त्यांचा अपमान नाही का होणार?

शेवंती
२१ ऑक्टोबर, रात्री ११:१०

@पळसपान, आधी शाकाहाराचं सांगते कारण हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचे उपास असतात, बुधवार शुक्रवार आणि ईस्टरच्या आधीचा मोठा उपास, तेव्हा मांस, दूध, अंडं काही खात नाहीत. त्यामुळे बिनमांसाचं जेवण त्यांच्या रोजच्या स्वयंपाकातलंच आहे. "समार्ख्वो" एवढा एक शब्द पाठ करून जा, म्हणजे उपासाचं. हॉटेलच्या मेनूतही असतं. त्यात दूधही नसतं, म्हणून चीज चालत असेल तर तेवढं वेगळं सांगा, नाहीतर खाचापुरीला, म्हणजे चीज घातलेल्या त्यांच्या पावाला, मुकाल.

आम्ही काय काय खाल्लं ते सांगते. लोबियो म्हणजे राजम्यासारख्या दाण्यांची दाटसर उसळ, मातीच्या भांड्यात, वर कोथिंबीर, सोबत मक्याची म्चादी. वांग्याचे लांब काप तळून त्यात अक्रोडाचं लसणीचं वाटण भरतात, ते बद्रीजानी. पालक, बीट, कोबी उकडून अक्रोडात मळून केलेली पखाली. अक्रोड तर आपण शेंगदाण्याचं कूट जसं घालतो तसं सगळीकडे. जोंजोली नावाच्या फुलकळ्यांचं लोणचं. आंबट आलुबुखाराची त्केमाली चटणी. आणि घरचा पाव, तो तोने नावाच्या खोल मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला थापतात, सून कमरेपर्यंत आत वाकायची, बघूनच मला धडकी भरायची. भट्टी पेटवायला वेलीच्या सुकलेल्या काड्या.

एक गोष्ट फार आवडली ती लिहायलाच हवी. बेबियाच्या मसाल्याच्या डब्यात वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या, कुटून अक्रोडाच्या वाटणात घालते, रंगाला आणि वासाला. आणि दुसऱ्या बरणीत मेथीच्याच कुळातली निळ्या फुलांची मेथी, तिचा वास आपल्या कसुरी मेथीच्या आसपास पण सौम्य. दसऱ्याला आम्ही दाराला झेंडू बांधतो ते मी सांगितलं तर म्हणाली, मग जेवणात का नाही घालत? उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आता न पिण्याचं. आमचे हे पीत नाहीत. पहिल्याच दिवशी नातीकडून स्पष्ट सांगितलं. ताज्या द्राक्षाचा रस त्या दिवसांत मुबलक असतो, नाहीतर घरचं फळांचं सरबत, कोंपोट म्हणतात. ग्लास मात्र भरलेला पाहिजे आणि टोस्टच्या वेळी उचलला पाहिजे. कुणी जबरदस्ती केली नाही. एक शेजारी थोडा मागे लागला होता, त्याला घरमालकानेच गप्प केलं. ऐनवेळी नको नको केलं तर लोकांना वाटतं तुम्ही लाजताय आणि मग ते अजून ओततात, म्हणून आधी सांगणं महत्त्वाचं.

शेवंती
२१ ऑक्टोबर, रात्री ११:४८

टोस्टचं वेगळं लिहिते. तिथल्या मेजवानीला सुप्रा म्हणतात आणि तिला एक प्रमुख असतो, तामादा. तोडणी संपली त्या रात्री आमच्याकडे सुप्रा झाली. तामादा म्हणून शेजारचे एक निवृत्त मास्तर. तुम्ही आपले आपले घोट घेत बसलात असं तिथे नसतं. तामादा बोलायला उठतो, विषय मांडतो, आधी परमेश्वर आणि शांतता, मग देश, मग घर, मग गेलेली माणसं, लगेच त्यांच्यामागून लहान मुलं, मग पाहुणे. बोलणं झालं की "गाउमार्जोस" आणि मग प्यायचं. मधल्या वेळात खायचं, गायचं. गेलेल्या माणसांच्या वेळी बेबियाने पावाच्या तुकड्यावर वाइनचे थेंब सोडले आणि सगळे एक क्षण उभे राहिले. लगेच पुढे मुलांचा टोस्ट, आणि टेबलाखाली खेळणाऱ्या शेजारच्या पोराला उचलून वर घेतलं.

तामादा एखाद्याला "अलावेर्दी" म्हणून आपला विषय पुढे न्यायला सांगू शकतो. गेलेल्या माणसांच्या टोस्टला त्याने माझ्याकडे बोट केलं. मी मराठीतच बोलले, इंग्रजीत नीट येईना, मग नातीसाठी तेच इंग्रजीत सांगितलं आणि तिने पुढे. माझ्या आजोबांबद्दल बोलले, त्यांनी गव्हाचं रान मोडून पहिल्यांदा द्राक्ष लावली, पहिल्या वर्षी गारपिटीत सगळी गेली, दुसऱ्या वर्षी परत लावली. कखेतीतही गारपीट फार, सगळ्यांना ते लगेच भिडलं. मास्तर उठून माझ्या आजोबांच्या नावाने परत बोलले, नाव नीट उच्चारायला दोनदा विचारून घेतलं. निफाडच्या माणसाचं नाव त्या अंगणात वीस माणसांनी घेतलं. मला रडू आलं आणि ते कुणाला विचित्र वाटलं नाही.

म्हणून मला वाटतं की घरात राहायचं तर पाहुण्यालाही काम असतं. बसायचं, ऐकायचं, बोलायची पाळी आली की मनातलं बोलायचं. एक रात्र झोपून सकाळी पुढच्या गावाला पळणाऱ्याला हे मिळत नाही, आणि त्यात यजमानांचा काही दोष नसतो.

मांडवीकिनारा
२२ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

शेवंतीताई, कखेती म्हटलं म्हणून गोव्याहून लिहिल्याशिवाय राहवेना. तुम्हाला तिथे कुणी राणी केतेवानबद्दल विचारलं नाही का? ती कखेतीचीच राणी. पर्शियाच्या शाह अब्बासने तिला कैदेत ठेवलं, धर्म बदलायला ती तयार झाली नाही म्हणून १६२४ साली शिराजमध्ये तिला छळ करून मारलं. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष लपवून ठेवले आणि त्यातला काही भाग १६२७ मध्ये आपल्या जुन्या गोव्यात आणला, सेंट ऑगस्टीनच्या मठात. तो मठ पुढे पडला, आता एक उंच मनोरा तेवढा उभा आहे. आम्ही लहानपणी तिथे सहलीला जायचो तेव्हा कुणालाच हे माहीत नव्हतं. जॉर्जियाचे लोक कितीतरी वर्षं शोध घेत होते, मग पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात हाडाचा तुकडा मिळाला आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली. २०२१ च्या जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी अवशेषांचा एक भाग त्बिलिसीत जाऊन त्यांच्याकडे सुपूर्द केला.

अजून एक. १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांसोबत पाठवलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या गाण्यांच्या तबकडीवर आपल्या गायिका केसरबाई केरकर आहेत हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याच तबकडीवर जॉर्जियाचंही एक गाणं आहे, पुरुषांनी वेगवेगळ्या आवाजात मिळून गायलेलं, आणि ते कखेतीकडचं जेवणाच्या टेबलावरचं गाणं आहे. म्हणजे तुम्ही ज्या टेबलाशी बसलात त्या परंपरेचं. आमची केरीची केसरबाई आणि तुमचे ते यजमान एकाच तबकडीवर.

शेवंती
२२ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

@मांडवीकिनारा, अंगावर काटा आला, केसरबाईंचं माहीत होतं पण त्यांच्या शेजारी कोण आहे ते कधी बघितलंच नव्हतं. आजच बेबियाच्या नातीला पाठवते.

आणि हो, केतेवानचं झालं ना! २६ सप्टेंबरला तिचा स्मरणदिन असतो, आम्ही तेव्हा तिथेच होतो. बेबिया सकाळी अलावेर्दीच्या चर्चला निघाली, ११ व्या शतकातलं प्रचंड उंच चर्च आहे, सपाट शेतांत एकटंच उभं. मलाही घेऊन गेली, डोक्याला रुमाल तिनेच बांधला. परत येताना तिने विचारलं गोवा तुमच्यापासून किती लांब. एका रात्रीचा प्रवास म्हटल्यावर गाडी थांबवायला लावली आणि माझे दोन्ही हात धरून बराच वेळ काहीतरी बोलली. नात म्हणाली, ती म्हणतेय की आमची राणी एवढी वर्षं तुमच्याकडे पाहुणी होती. मी पुढच्या वेळी गोव्याला गेले की त्या मनोऱ्यापाशी जाऊन तिच्यासाठी फोटो काढणार आहे, तिला शब्द दिलाय.

अवधूत_स
२२ ऑक्टोबर, दुपारी १:१५

अनुभव छान आहे पण एक बाजू मांडतो, राग मानू नका. तुम्ही खोलीचे पैसे दिलेत, जेवणाचे दिलेत, वर त्यांची बाग तोडून दिलीत. हा त्यांचा धंदा आहे आणि तो ते चांगला करतात एवढंच. मी पूर्व युरोपात बऱ्याच ठिकाणी असं राहिलोय, हसतमुख आजी आणि घरची वाइन हे आता पॅकेजच झालंय. त्याला आदरातिथ्य म्हणायचं तर मग आपल्याकडे कोकणातल्या होमस्टेवाल्यांनाही तेच म्हणा.

शेवंती
२२ ऑक्टोबर, दुपारी ३:५०

@अवधूत_स, राग अजिबात नाही, प्रश्न बरोबर आहे. आणि कोकणातल्या होमस्टेवाल्यांना मी तेच म्हणते, दापोलीच्या काकू पहाटे उठून आंबोळ्या घालतात त्याचे पैसे घेतात म्हणून ती माया कमी होत नाही.

आमच्या यजमानांनी पैशाचं सगळं उघड सांगितलं होतं, आणि ते का घेतात हेही. ९० च्या दशकात तिथे यादवी, वीज नाही, पगार नाहीत. त्यातून सावरतायत तोवर २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली, आणि तोपर्यंत माल मुख्यतः तिकडेच जायचा. द्राक्षांना भाव उरला नाही. ज्यांनी बाग मोडली नाही त्यांनी दुसरं काहीतरी धरलं, यांनी वरच्या खोल्या दुरुस्त करून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. बंदी २०१३ मध्ये उठली पण पाहुणे राहिले. म्हणजे बाग टिकली ती या खोल्यांवर. कांद्याचे, द्राक्षाचे भाव पडलेले बघत मोठी झालेय मी, मला यात कमीपणा काय ते दिसत नाही.

आता सुप्रा. त्याचे पैसे घेतले नाहीत, द्यायला गेले तर घरमालकाचा चेहरा पडला. खोली आणि रोजचा नाश्ता हा व्यवहार, सुप्रा हे घरचं कार्य, हा फरक त्यांच्या डोक्यात पक्का होता. तोडणीचंही तेच, मी मदत केली म्हणून भाड्यात सूट देऊ केली ती मी नाही घेतली. मोठ्या टूरबसवाल्यांसाठी तिथेही तासाभराचा कार्यक्रम असतो, द्राक्षं तुडवा, फोटो काढा, निघा. ते तुम्ही म्हणता तसं पॅकेज. तेही वाईट नाही पण मी लिहितेय ते ते नाही.

डोंगरदऱ्या
२२ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४०

मी स्वानेतीत राहिलोय, जॉर्जियाच्या वायव्येला, उंच डोंगरात. मेस्तिया ते उशगुली असा चार दिवसांचा ट्रेक आहे, वाटेत झाबेशी, अदिशी, इप्रारी अशा गावांत घरांतूनच मुक्काम. प्रत्येक जुन्या घराला दगडी चौकोनी बुरूज, बहुतेक ९ व्या ते १२ व्या शतकातले, शत्रू आला किंवा भाऊबंदकीतून सूड उगवायची वेळ आली की घर त्यात जाऊन बसायचं. वरचा स्वानेती १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

तिथलं आदरातिथ्य कखेतीपेक्षा वेगळं वाटलं मला. बोलणं कमी. उंचीमुळे द्राक्षं नाहीत, बटाटा, गाई, गवत. दिवसभर सगळे गवत कापत असतात कारण बर्फ पडायच्या आत गोठा भरायचा असतो. संध्याकाळी बूट ओले घेऊन आलो तर घरच्या बाईंनी न विचारता काढून चुलीपाशी उभे करून ठेवले आणि आत कागद कोंबला. जेवणात ताश्मिजाबी, म्हणजे उकडलेला बटाटा आणि चीज गरम असताना इतकं घोटायचं की तार निघते. स्वानेतीचं मीठ म्हणून मिळतं, त्यात लसूण, धने, निळी मेथी, झेंडू वगैरे कुटलेलं, ते नक्की घेऊन या, भाकरीबरोबर झकास लागतं.

अदिशीच्या पुढे नदी ओलांडायला गावातली माणसं घोडे घेऊन उभी असतात, पैसे घेतात. सकाळी पाणी कमी असतं, दुपारी हिमनदी वितळून वाढतं, म्हणून तिथल्या घरातून लवकर निघा. हे मला घरच्या म्हाताऱ्या बाबांनी हाताच्या खुणांनी सांगितलं, गुडघ्याला हात लावून सकाळ, कमरेला हात लावून दुपार.

रातराणी_क
२२ ऑक्टोबर, रात्री ९:२०

मी एकटी फिरते. शेवंती, एकट्या बाईने अशा घरी राहावं का? सुप्रामध्ये रात्री उशिरापर्यंत पुरुषच पीत बसतात असं ऐकलंय.

शेवंती
२२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

@रातराणी_क, आमच्या घरी आमच्यासोबत दोन दिवस एक पोलिश मुलगी होती, एकटीच. ती बेबियाच्या शेजारी बसायची आणि बेबिया उठली की उठायची. कुणी काही म्हटलं नाही, उलट बेबियाने उठवलं की विषयच संपतो. मला विचारशील तर ज्या घरात बायका आणि मुलं राहतात असं रिव्ह्यूवरून दिसतं तेच घर घे, पोचायच्या आधी फोनवर बोल, खोलीला आतून कडी आहे का विचार. चाचा नावाची दारू असते, वाइन झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून काढलेली, फार कडक, ती बाटली सकाळीसुद्धा टेबलावर येते, तिला सरळ नाही म्हण. रस्त्यावरून जाताना अनोळखी माणसाने घरी प्यायला बोलावलं तर मी तरी एकटी गेले नसते, मग ते कितीही प्रेमाने असो. ओळखीच्या घरातून ओळख झाली की मग जा.

मेतकूट
२३ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

माझा मुलगा त्बिलिसीत मेडिकलला आहे, पाचवं वर्ष. हॉस्टेल सोडून एका आजींच्या घरात खोली घेऊन राहतो. सुरुवातीला मला काळजी होती, आता त्या आजीच मला व्हिडिओ कॉल करतात, भाषा येत नाही तरी. रशियन येते त्यांना, आणि राज कपूर.

ईस्टरला त्यांनी याला गावी नेलं. कांद्याच्या सालींत उकडून लाल केलेली अंडी घेऊन सगळं कुटुंब स्मशानात गेलं, थडग्यांवर अंडी गडगडवली, वाइन शिंपडली आणि तिथेच बसून जेवले. मुलगा म्हणाला, आई तिथे कुणी दुःखी नव्हतं, आजोबांना भेटायला आल्यासारखे बोलत होते. आम्ही सर्वपित्रीला पान वाढतो तेव्हा आता तो फोनवरून त्या आजींच्या नवऱ्याचंही नाव घ्यायला सांगतो. मी घेते.

प्रश्न असा की मी डिसेंबरअखेर जाणार आहे, त्यांच्यासाठी इथून काय नेऊ?

शेवंती
२३ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

@मेतकूट काकू, किती छान लिहिलंत.

नेण्याबद्दल. आम्ही निफाडचे बेदाणे नेले होते, म्हणजे द्राक्षवाल्यांकडे द्राक्षच, पण ते त्यांनी वाटीवाटीने शेजारी वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं कुठून आलेत. चिवडा तिखट वाटला त्यांना, आपलं तिखट तिकडे झेपत नाही. तिळाचे लाडू मात्र लगेच संपले, कारण ते स्वतः अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या शिजवलेल्या रसात बुडवून वाळवतात, चुर्चखेला म्हणतात, त्यामुळे ती चव त्यांच्या ओळखीची. चुर्चखेला करताना मी होते, मोठ्या कढईत रस आणि पीठ घोटत घोटत खिरीसारखं झालं की माळ आत सोडायची, वर काढायची, क्षणभर धरायची म्हणजे थर सारखा बसतो आणि टोकाला थेंब लोंबत नाही. माझ्या माळांना गुठळ्या आल्या, बेबियाने त्या मुद्दाम वेगळ्या टांगल्या आणि आम्हाला बांधून दिल्या.

साडी किंवा शाल नेली तर आवडेल पण सगळ्यात जास्त आवडतो तो घरच्यांचा फोटो, कागदावर छापलेला. त्यांच्या दिवाणखान्यात माणसांचेच फोटो असतात, तुमचाही लागेल. फुलं नेणार असाल तर विषम संख्येत न्या, सम संख्या तिथे मयताला. इन्शुरन्स, परतीचं तिकीट, त्या आजींचा पत्ता आणि फोन हे कागदावर हाताशी ठेवा, एअरपोर्टवर विचारतात. व्हिसाचे नियम बदलत राहतात म्हणून सरकारी ई-व्हिसाच्या साइटवरच बघा, कुणाचं ऐकीव नको.

आणि डिसेंबरअखेर जाताय म्हणून मुद्दाम सांगते. त्यांचा ख्रिसमस ७ जानेवारीला असतो, त्यामुळे २५ डिसेंबरला घरात तयारी दिसली नाही तर गोंधळू नका, मोठा सण नवं वर्ष. आणि नव्या वर्षी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं याला फार महत्त्व, त्या माणसाला मेक्वले म्हणतात, वर्ष त्याच्या पायगुणावर जातं असं मानतात, बरीच घरं तो माणूस आधीच ठरवून ठेवतात. तेव्हा १ तारखेला सकाळी शेजारीपाजारी शुभेच्छा द्यायला आपणहून जाऊ नका, आजींना विचारून जा. त्यांनीच तुम्हाला आधी आत बोलावलं तर उजवा पाय टाका आणि हातात गोड घेऊन जा, तिळाचे लाडू त्यासाठी थोडे राखून ठेवा.